मेसचा चहा आणि बोर्डोची वाईन

आमच्या होस्टेलमध्ये ब्रँच, गाव, क्रिकेट, पंखा कितीवर ठेवायचा अशा कशावरूनही भांडणं होतात. पण एका बाबतीत शंभर टक्के एकमत आहे. मेसचा चहा वाईट! मेकॅनिकलचा असो की कॉम्प्सचा, नांदेडचा असो की वसईचा, प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात हा सिद्धांत शिकतो आणि जाताना गादी-बादलीसोबत ज्युनिअरला देऊन जातो. त्याचा दुसरा भाग म्हणजे गेटबाहेरच्या मामांच्या टपरीवरचा कटिंग. ते अमृत. सबमिशनच्या आदल्या रात्री तो घशाखाली गेल्याशिवाय जर्नल पूर्ण होत नाही, अशी इथे श्रद्धा आहे.

मीही याच संप्रदायातला. गेल्या सेमिस्टरला मेस कमिटीने फॉर्म वाटले होते. चहा, नाश्ता, भाजी, चपाती, स्वच्छता, प्रत्येकापुढे चार चौकोन. या फॉर्मवरून आताच्या कंत्राटदाराला ठेवायचं की काढायचं ते ठरणार होतं. मी चहापुढे 'अत्यंत वाईट'वर टिक केली आणि खाली शेरा मारला, 'चहा की मिठी नदी?' चार जणांना दाखवला, चार जण हसले. फॉर्म पेटीत टाकून जिना चढताना एकदम डोक्यात आलं, की अरे, आपण मेसचा चहा शेवटचा प्यायलो कधी? आठवेना. निदान तीन महिने तरी झाले असावेत.

हे तेव्हा तिथेच राहिलं असतं. पण त्याच सुमारास एम-फोरच्या लेक्चरला सरांनी हायपोथेसिस टेस्टिंग सुरू केलं आणि फळ्यावर फॉर्म्युला लिहायच्या ऐवजी चहाची गोष्ट सांगितली. (बॅकबेंचवरचे दोघे त्यामुळे जागे झाले, हीसुद्धा एक ऐतिहासिक घटना.) गोष्ट अशी. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. 1920च्या दशकात तिथे म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शैवालतज्ज्ञ बाई होत्या. त्यांचं म्हणणं, कपात आधी दूध घातलं की आधी चहा ओतला हे मला चवीवरून कळतं. सगळे हसले. तिथेच काम करणारे रोनाल्ड फिशर मात्र म्हणाले, बघू या! आठ कप. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. क्रम उलटसुलट. बाईंनी चार-चारचे गट ओळखायचे. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता किती? आठातून चार निवडायच्या तऱ्हा 70, म्हणजे 70 मध्ये एक. बाईंनी सगळे ओळखले असं सांगतात. फिशरनी पुढे 1935च्या आपल्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात हे उदाहरण घेतलं, आणि आज आपण जे 'नल हायपोथेसिस' म्हणून घोकतो ते नाव तिथूनच रूढ झालं.

म्हणजे एक बाई जिभेच्या जोरावर दावा करतात आणि एक माणूस तो दावा हसून उडवत नाही की डोळे मिटून मान्यही करत नाही, तो कप झाकतो. मला हे फार आवडलं. त्याच आठवड्यात लायब्ररीत चवीच्या प्रयोगांबद्दल मिळेल ते वाचत बसलो आणि चहावरून वाईनवर पोचलो. आता खुलासा करतो, मी वाईन चाखलेली नाही. (हा अंक घरी जातो.) पण वाईनच्या जगात जे झालंय ते आपल्या मेसमध्ये रोज होतं, म्हणून ते सांगायलाच हवं.

सगळ्यात गाजलेला प्रयोग 2001 मध्ये छापून आला. फ्रान्समधल्या बोर्डोचा. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू हे संशोधक आणि वाईनशास्त्र शिकणारे 54 विद्यार्थी. पहिल्या वेळी त्यांना एक पांढरी आणि एक लाल वाईन दिली आणि वासाचं वर्णन करायला सांगितलं. पांढरीसाठी त्यांनी मध, लिंबू, फुलं अशा फिकट रंगाच्या गोष्टींचे शब्द वापरले, लालसाठी काळ्या-लाल बेरी, मसाले वगैरे. काही दिवसांनी पुन्हा दोन ग्लास. एकात तीच पांढरी, आणि दुसऱ्यातही तीच पांढरी, फक्त तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळलेला. आणि बहुतेकांनी त्या रंगवलेल्या पांढरीला लाल वाईनचे शब्द लावले! नाकासमोर एक, डोळ्यांसमोर दुसरं, आणि निकाल डोळ्यांच्या बाजूने लागला.

ही गोष्ट सांगताना लोक जरा मीठ-मसाला घालतात. 'जगातले मोठमोठे वाईन तज्ज्ञ लाल-पांढरी ओळखू शकले नाहीत' वगैरे. तसं नाही. ते तज्ज्ञ नव्हते, विद्यार्थी होते, तुमच्या-माझ्यासारखे. त्यांना चव नाही, वासच विचारला होता. शिवाय प्रत्येक शब्द या ग्लासाला जास्त लागू होतो की त्या, असं एक उत्तर द्यायलाच लावलं होतं. एमसीक्यूमध्ये 'यांपैकी काहीही नाही' हा पर्याय नसला की आपण काय करतो? तेच. म्हणून या प्रयोगावरून 'सगळे तज्ज्ञ भोंदू' असं म्हणणं मला पटत नाही. पण रंगाने नाकाला ओढून नेलं एवढं मात्र नक्की.

दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 2008चा, अमेरिकेतल्या कॅलटेकचा. वीस जणांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवून नळीने वाईन दिली. झोपून, नळीने! प्रत्येक घोटाआधी किंमत सांगायची. पाच डॉलरची वाईन एकदा 5 डॉलर म्हणून, एकदा 45 म्हणून. 90 डॉलरची वाईन एकदा 90 म्हणून आणि एकदा 10 म्हणून. अपेक्षेप्रमाणे लोकांनी महाग सांगितलेली जास्त आवडली म्हणून सांगितलं. पण गंमत पुढे आहे. ते नुसतं बोलत नव्हते. मेंदूच्या पुढच्या भागात, जिथे 'मजा आली' याचा हिशेब होतो, तिथली हालचाल खरोखरच वाढली होती. जिभेकडून येणारी चव जिथे पहिल्यांदा नोंदली जाते त्या भागात मात्र किंमतीने फरक पडलेला दिसला नाही. किंमत न सांगता हेच घोट दिले तेव्हा ही आवड-निवड गळून पडली.

म्हणजे माणूस खोटं बोलत नाही! इथे आपण नेहमी चुकतो. आपल्याला वाटतं की महागडी वस्तू आवडली म्हणणारा शायनिंग मारतोय. नाही हो, त्याला ती खरंच आवडते. सिग्नल तोच, पण वरच्या मजल्यावर जो ॲम्प्लिफायर आहे त्याचा गेन लेबल वाचून बदलतो. मामांचा कटिंग मला अमृत वाटतो तेव्हा ते अमृतच असतं. त्यात रात्रीचे साडेअकरा, रस्त्यावरचा वारा, वाफाळता ग्लास आणि 'उद्याचं उद्या बघू' हे सगळं विरघळलेलं असतं. ते काढून टाका आणि चव तेवढी सांगा, असं म्हणणं म्हणजे मित्र काढून टाका आणि ट्रीपचं तेवढं सांगा, असं म्हणण्यासारखं आहे.

नावात काय आहे हे आपल्या मराठी माणसांनी वाईनच्या धंद्यात बरोबर ओळखलं होतं. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव आपल्याला द्राक्षांसाठी आणि तमाशासाठी माहीत. तिथे शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेऊन फसफसणारी वाईन बनवली. परदेशात ती विकली जायची 'ओमर खय्याम' या नावाने, आणि भारतात 'मार्कीज द पॉम्पादूर'. बघा हं, गोऱ्यांना पूर्वेचा कवी, आणि आपल्याला फ्रेंच सरदारीण! बाटली एका शिवारातली, पण प्रत्येकाला दूरचं काहीतरी पितोय असं वाटलं पाहिजे. 'नारायणगाव स्पेशल' म्हणून ती किती खपली असती? मग नाशिकला गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी द्राक्षं लावली आणि 2000 साली 'सुला' बाजारात आली. हे नावसुद्धा परदेशी वाटतं ना? ते त्यांच्या आईच्या नावावरून आलंय, सुलभा! पुढच्या वर्षी राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, वायनऱ्या वाढल्या, आणि आता 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकनही आहे. ज्या नाशिकचं नाव लपवावंसं वाटलं असतं, तेच लेबलवर मिरवायची पाळी आली. माती तीच, नावाचं वजन बदललं. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा तर 'वाईन म्हणजे दारू की नाही' यावर अख्ख्या महाराष्ट्रात वाद रंगला. तोही शेवटी बाटलीत काय आहे यापेक्षा तिला काय म्हणायचं याचाच होता.

वाईन लांब राहिली, मीरा रोड स्टेशनबाहेर एप्रिल-मेमध्ये उभे राहा. प्रत्येक हातगाडी देवगडची! एवढे आंबे देवगडला होत असते तर तिथे माणसांना राहायला जागा उरली नसती. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत बसून येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पेटी उघडून मराठी पेपरचा तुकडा बाजूला केला की वास 'देवगडचाच' येतो. आणि एक मजेशीर बाब. 2018 मध्ये हापूसला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडबरोबर पालघर आणि ठाणे हे जिल्हेही आहेत. म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातला हापूससुद्धा कागदोपत्री अस्सल हापूसच. पण 'भाईंदर हापूस' अशी पाटी लावून कोणी गाडी उभी करून बघावी!

वासाची तर वेगळीच कथा. माझा रूममेट विदर्भातला. पहिल्या वर्षी आम्ही उत्तनला फिरायला गेलो, तिथे किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले. मी म्हटलं, "वा! काय वास येतोय." तो नाकाला रुमाल लावून म्हणाला, "अबे, काहीतरी मेलंय इथं." वारा एक, नाकं दोन. ऑक्सफर्डमध्ये 2005 साली हेच प्रयोगशाळेत करून पाहिलं. एकच आंबूस वास, कधी 'चेडर चीज' अशी पाटी दाखवून, कधी 'अंगाचा घाम' अशी. चीज म्हटल्यावर तो लोकांना बराच जास्त आवडला. आता तिसऱ्या वर्षी माझा रूममेट सुट्टीहून येताना मलाच विचारतो, सुके बोंबील आणलेस का म्हणून. वास बदललेला नाही. मधल्या काळात आमच्या घरचं कालवण त्या वासाला जोडलं गेलंय.

असो. आता आमच्या प्रयोगाकडे.

आम्ही चौघांनी एका रविवारी थर्मास घेऊन मामांकडून चहा आणला आणि मेसच्या मावशींकडून एक पातेलंभर मागून घेतला. मामांकडून कटिंगचे सहा ग्लासही आणले. (परत केले. एक फुटला, त्याचे पैसे दिले.) मग मेसचा चहा कटिंगच्या ग्लासात आणि टपरीचा चहा मेसच्या स्टीलच्या पेल्यात ओतला आणि विंगमधल्या बारा जणांना आळीपाळीने बोलावलं. काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, "कुठला भारी?" बारापैकी दहांनी ग्लासातला भारी सांगितला. एकाने तर डोळे मिटून, "मामांच्या हाताला चव आहे यार," असंही म्हटलं. पेल्यातल्या मामांच्या चहाला "नेहमीचं गटारपाणी" ही पदवी मिळाली.

आम्ही जिंकल्यासारखे नाचलो. पण मग आमच्यातल्याच एकाने, जो लॅबमध्ये सगळ्यात त्रासदायक असतो, शंका काढली. स्टीलच्या पेल्याने ओठ भाजतो, काचेच्या ग्लासात चहाचा रंग दिसतो, पेल्यात जास्त मावतो म्हणून तो वेगळ्या वेगाने गार होतो. म्हणजे आपण नाव तपासलं की भांडं? बरोबर होतं त्याचं. म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा मांडणी. या वेळी सगळीकडे तेच कागदी कप, दोन्ही चहा एकाच शेगडीवर एकदम गरम केलेले, आणि प्रत्येकाला तीन कप. दोनांत एकच चहा, तिसऱ्यात दुसरा. वेगळा ओळखायचा. याला त्रिकोणी चाचणी म्हणतात, खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत ही सर्रास करतात. नुसता अंदाज मारला तर तिघांत एक बरोबर येणार, म्हणजे बारांत चार. नशिबाने नव्हे, खरंच फरक कळतोय असं म्हणायला आठ तरी बरोबर यायला हवेत. (हिशेब एम-फोरच्या वहीत करून बघा, आयुष्यात एकदा तरी बायनोमियल कामाला येईल.)

आले सहा! ना धड चार, ना आठ. थोडा फरक असेलही, बारा जणांवरून सांगता येत नाही. पण त्या सहा जणांना पुढे विचारलं, की यातला मेसचा कुठला? तिघांनी टपरीचा मेसचा म्हणून दाखवला. म्हणजे ज्यांना फरक कळला, त्यातल्या निम्म्यांना वाईट कोणता ते कळलं नाही. अमृत आणि गटारपाणी यांत हे एवढंच अंतर. कप परत द्यायला गेलो तेव्हा मावशींना विचारलं, चहापत्ती कुठली वापरता? त्यांनी पुडा दाखवला. मामांकडे तोच पुडा. दुधाची पिशवी तीच. आलं दोन्हीकडे. मावशी म्हणाल्या, "अरे पोरा, मामा आणि मी एकाच दुकानातून माल भरतो. तुम्हाला काय वाटलं, तो स्वर्गातून आणतो?"

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मामांचा कटिंग मी आजही पितो, आणि आजही तो अमृतच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या डोक्यात राहिला तो पेटीत टाकलेला फॉर्म. मावशी आणि त्यांच्याबरोबरच्या तीन बायका पहाटे पाच वाजता येतात. कंत्राट बदललं की नवा माणूस आपली माणसं घेऊन येणार. त्यांच्या नोकरीवर मी एक टिक केली होती, तीही न पिता, ऐकीव माहितीवर.

आणि मग मला मागच्या वर्षीची ओरल आठवली. कुठल्या कॉलेजात, कोणासमोर ते महत्त्वाचं नाही. माझा एक मित्र दहावीपर्यंत मराठी मीडियमचा. आत गेल्या गेल्या एक्स्टर्नलने विचारलं, "पॉइंटर किती? केटी?" त्याने सांगितलं. एक केटी होती. मग ऑप-ॲम्पमधल्या व्हर्च्युअल ग्राउंडवर प्रश्न. त्याने अडखळत, पण बरोबर उत्तर दिलं. ऐकायला मिळालं, "पाठ करून आलायस." पाठोपाठ मी. माझा पॉइंटर बरा होता, इंग्लिश फाडफाड. प्रश्न तोच, आणि उत्तर अक्षरशः त्याचंच, कारण आदल्या रात्री ते त्यानेच मला समजावलं होतं. मला मिळालं, "गुड, कन्सेप्ट क्लिअर आहे." पंचवीसपैकी त्याला 13, मला 21. माझं जर्नलही मी त्याचंच उतरवलं होतं, हे आता सांगून टाकतो.

त्या सरांबद्दल मला राग नाही. ते खोटं वागले असं मी म्हणणार नाही, कॅलटेकच्या बोगद्यातले लोकही खोटं वागत नव्हते. त्यांना त्याचं उत्तर खरंच पाठ केल्यासारखं ऐकू आलं असणार, आणि माझं खरंच क्लिअर. पण चहा वाईट लागला तर नुकसान पिणाऱ्याचं. इथे नुकसान कपाचं होतं.

बरं, अनुभवी माणूस यातून सुटतो का? कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाचे प्राध्यापक होते, स्वतः वाईन बनवणारे. त्यांच्या वाईनला एका स्पर्धेत पदक मिळायचं, दुसरीत काहीच नाही, म्हणून ते वैतागले. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत परीक्षकांचीच परीक्षा घेतली. तीस वाईनच्या रांगेत एकाच बाटलीतली वाईन तीन वेळा ठेवायची, गुपचूप. 2008 मध्ये निकाल छापले. त्याच बाटलीला तिन्ही वेळा साधारण एकाच पदकाच्या पातळीचे गुण देणारे परीक्षक निघाले दहातले एक. हे सगळे मुरलेले लोक, आणि लेबल झाकलेलं असताना ही गत! दिवसातला चाळिसावा विद्यार्थी तपासणाऱ्या एक्स्टर्नलचं काय होत असेल, विचार करा.

पण म्हणून तज्ज्ञपणाला अर्थच नाही असंही नाही. 2008 मध्येच सहा हजारांहून जास्त झाकून घेतलेल्या चाचण्यांचा एक अभ्यास आला. सामान्य माणसांना महागडी वाईन उलट किंचित कमी आवडत होती, पण ज्यांचं वाईनचं शिक्षण झालं होतं त्यांच्यात तसं दिसलं नाही, त्यांचा कल थोडा महागडीकडेच होता. शिकलेल्या जिभेला काहीतरी कळतं. आणि ज्यांना आपल्या जिभेची खरी खात्री असते ते लेबल झाकायला घाबरत नाहीत. 'मास्टर ऑफ वाईन' ही पदवी घ्यायची तर बारा-बारा वाईनचे तीन पेपर असतात, नावं न सांगता, छत्तीस ग्लास समोर. 2016 मध्ये मुंबईच्या सोनल हॉलंड ती परीक्षा पास झाल्या, भारतातल्या पहिल्याच. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज दुकानदाराने नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन झाकून ठेवल्या होत्या. लाल आणि पांढरी, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. लेबल दिसत असतं तर आला असता का? एका परीक्षक बाईंनी निकाल ऐकून आपली गुणपत्रिका परत मागितली म्हणे. त्यांची अवस्था मी समजू शकतो.

लेखी पेपरला आपलं नाव झाकतात. ओरलला चेहरा झाकता येणार नाही, बुरखा घालून का जायचं? पण यावरही एक प्रयोग आहे, आणि तोही एका इंजिनिअरिंग कॉलेजातलाच, एमआयटीतला. 2006 साली छापलेला. तिथल्या पबमध्ये बिअरमध्ये व्हिनेगरचे थेंब टाकून लोकांना दिली. न सांगता दिली तर बऱ्याच जणांना ती साध्या बिअरपेक्षा आवडली. आधी सांगून दिली तर तोंडं वाकडी. पण तिसऱ्या गटाला पिऊन झाल्यावर, मत देण्याच्या आधी सांगितलं, तर त्यांना ती न सांगितलेल्या लोकांइतकीच आवडलेली राहिली! माहिती तीच, फक्त घोट आधी की माहिती आधी, एवढाच फरक.

तेव्हा माझी आमच्या सगळ्या सरांना आणि मॅडमना हात जोडून विनंती आहे. पॉइंटर विचारायचाच असेल तर जरूर विचारा, केटीही विचारा, दहावीचं मीडियम विचारा. फक्त मार्क शीटवर आकडा लिहून झाल्यावर विचारा. यादीवर मागच्या सेमिस्टरचे मार्क छापलेले असतील तर तो कॉलम दुमडून ठेवा. प्रश्नांच्या चिठ्ठ्या करा, एक चिठ्ठी प्रत्येकाने उचलावी. याला ना फंड लागतो ना युनिव्हर्सिटीची परवानगी.

आणि मेस कमिटीला सांगणं असं, की पुढचा फॉर्म होस्टेलच्या रूममध्ये वाटू नका, मेसमध्ये ताट समोर असताना वाटा. मी माझा फॉर्म परत मागायला गेलो होतो. मिळाला नाही, नियमात बसत नाही म्हणाले. दुसरा, नवा फॉर्म मात्र घेतला. त्यात चहापुढे 'चांगला' लिहिलं.

चपातीचं काय, असं आमचा तो त्रासदायक मित्र विचारत होता. तिचीही झाकून चाचणी घेतली, शेजारच्या खानावळीतल्या चपातीबरोबर. डोळ्यांवर रुमाल बांधून. बाराच्या बारांनी मेसची ओळखली, हातात घेताक्षणीच. मावशींना तेही सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "कणीक जाडी येते रे, दुसरी देत नाहीत." चपातीपुढे मी 'वाईट' लिहिलंय, आणि शेरा मारलाय की पीठ बदला, माणसं नकोत.